वाट कोणाची?

सह्याद्रीच्या माथ्यावरून कोकणाकडे उतरणाऱ्या ज्या असंख्य खोल जागा पाण्याने कोरून ठेवल्या आहेत, त्या सर्वांस शहरातील मनुष्य सरसकट 'दरी' असे म्हणतो. घाटमाथ्यावर किंवा घाटाखाली राहणाऱ्याचे मात्र एवढ्या एका शब्दाने भागत नाही. दोन कड्यांच्या मधून दगडगोट्यांनी भरलेली जी उभी चीर खाली उतरते तिला तो नाळ किंवा नळी म्हणतो; पाण्याने आतून पोखरलेली, ओलसर व अंधारी जागा ती घळ; डोंगराच्या अंगावर मध्येच लागणारी झाडीची सपाटी तो पदर; आणि जेथे कातळ उभा राहून पाऊल अडते व म्हणून झाडाचे खोड किंवा बांबूची शिडी टेकवून चढावे लागते, ती निसणी. या शब्दांकडे थोडे लक्ष दिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. 'दरी' हा काठावर उभे राहून खाली पाहणाऱ्याचा शब्द आहे. बाकीचे सारे शब्द, ज्याला ती जागा ओलांडावयाची आहे, आणि तीही डोक्यावर ओझे व वर आभाळ भरून आलेले असताना ओलांडावयाची आहे, अशा माणसाने बनविले आहेत.

गेली पुष्कळ वर्षे सुट्टीच्या दिवशी या जागांतून हिंडण्याचा माझा परिपाठ आहे. कधी एकटा, बहुधा महाविद्यालयातील आठदहा विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन. हा छंद आता एकट्यादुकट्याचा राहिलेला नाही. आषाढ-श्रावणात शनिवारी रात्री पुण्यामुंबईहून निघणाऱ्या गाड्या पाहिल्या तर, विठ्ठलाची नसली तरी, एखादी वारीच निघाली आहे असा भास व्हावा. या गर्दीची थट्टा करणे सोपे आहे. ती करण्याचा माझा हेतू नाही. आठवड्यातील सहा दिवस यंत्रासमोर बसणाऱ्या तरुणाला ओढ्याच्या गार पाण्यात पाय बुडवून बसल्याने जे लाभते ते खरे आहे व त्याच्या मोलाविषयी मला शंका नाही. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जी वाट एकाने गरजेपोटी पाडली, तिच्यावरून दुसऱ्याने आनंदासाठी चालावे, यात गैर काही नाही. परंतु या आनंदातून त्या दरीविषयी चालणाऱ्यास काही अधिकार प्राप्त होतो काय? स्पष्टच विचारावयाचे तर, 'या खोऱ्यात रस्ता होऊ नये, याचे सौंदर्य जाईल,' असे म्हणण्याचा त्याला हक्क आहे काय? असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि ते दुष्ट नाहीत. म्हणूनच या प्रश्नाचा नीट विचार केला पाहिजे.

उदाहरणादाखल एक जागा घेऊ. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात रतनगडाजवळ साम्रद नावाचे गाव आहे. गावापासून थोडे चालून गेले की जमीन एकाएकी दुभंगलेली दिसते व मनुष्य त्या भेगेत उतरतो. हीच सांदण. लाव्हाच्या थरांवर थर बसून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा सारा प्रदेश घडला. पुढे त्या काळ्या पाषाणातील उभ्या फटींतून पाणी वाहत राहिले आणि झिजवीत झिजवीत त्याने ही घळ कोरली. दोन्ही बाजूंच्या भिंती काही ठिकाणी सुमारे दोनशे फूट उंच आहेत, आणि अरुंद जागी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना टेकावेत. तळाशी सूर्य दुपारी थोडा वेळ डोकावतो तेवढाच. आरंभी एक डोह आडवा येतो. हिवाळ्यातही त्याचे पाणी कमरेपर्यंत लागते व ते इतके थंड असते की, बोलका विद्यार्थीही त्यात उतरताना मुका होतो. पुढे प्रचंड धोंडे एकमेकांवर कलंडलेले. त्यांच्यावरून, त्यांच्या खालून, कधी अक्षरशः पोटावर सरपटत उतरावे लागते. एके ठिकाणी तर दोरावाचून खाली जाता येत नाही. आणि शेवटी भिंती बाजूस सरतात व समोर एकदम कोकण उघडते. हा क्षण मी अनेकदा अनुभवला आहे. तो कधी शिळा झाला नाही.

आता यातील गंमत अशी की, ज्या घळीसाठी दूरदूरचे लोक साम्रदला येतात, ती साम्रदकरांची वाट नव्हे. जेथे दोर लागतो तेथून तांदळाचे पोते नेता येत नाही. खाली डेहण्याकडे उतरण्याची त्यांची वाट शेजारच्या करोली घाटाने गेलेली आहे. ती रुंद नाही व प्रेक्षणीयही फारशी नाही. वळणे घेत, झाडीच्या आश्रयाने, ओढा ओलांडून ती निमूटपणे खाली जाते. सांदण उतरून गेलेले लोक परतताना बहुधा त्याच घाटाने चढतात, पण घरी गेल्यावर वर्णन करतात ते घळीचे. उपयोगाची वाट आणि पाहण्याची वाट या दोन गोष्टी येथे निसर्गानेच वेगळ्या करून ठेवल्या आहेत. इतर बहुतेक खोऱ्यांत त्या एकच असतात, आणि वादाचे मूळ तेथे आहे.

अशाच एका खोऱ्यात, ज्याचे नाव मी मुद्दामच देत नाही, एका म्हाताऱ्याची व आमची गाठ पडली. आम्ही चढ चढून ओढ्याकाठी बसलो होतो. जांभूळ, हिरडा व करंज यांची दाट सावली होती. वरच्या उतारावर कारवी माजली होती. एक विद्यार्थी म्हणाला की, ही वाट अशीच राहिली पाहिजे, येथे कधी डांबर येऊ नये. म्हातारा चढ चढून आला होता. त्याने खांद्यावरचे ओझे दगडावर टेकविले व तो हसला. हासण्यात कडवटपणा नव्हता. "तुम्ही रिकामं येता, मास्तर," तो मला म्हणाला, "रिकाम्या माणसाला ही वाट लई गोड लागते." मग त्याने सांगितले की, आदल्या पावसाळ्यात त्याच्या नातसुनेला, दिवस भरलेले असताना, घोंगडीच्या झोळीत घालून चार माणसांनी याच वाटेने खाली नेले, आणि ओढ्याला पाणी आल्यामुळे याच जागी, जेथे आम्ही दशम्या सोडून बसलो होतो, ते दोन तास उभे होते. नातसून व मूल दोन्ही सुखरूप आहेत, हेही त्याने सांगितले. विद्यार्थी पुढे काही बोलला नाही.

तत्त्वज्ञान शिकविणाऱ्याला या ठिकाणी कांटची आठवण होणे अपरिहार्य आहे. १७९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसाग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की, सौंदर्याचा निर्णय हा निर्हेतुक असतो. वस्तू मला हवी आहे काय, उपयोगाची आहे काय, याचा विचार मनात आला की तो निर्णय शुद्ध राहत नाही. दृष्टान्तासाठी त्याने एक राजवाडा घेतला आहे. हा राजवाडा सुंदर आहे काय असे विचारले असता, बडे लोक अशा निरर्थक गोष्टींवर प्रजेचा घाम खर्च करतात असे उत्तर रूसोच्या धर्तीवर एखादा देईल. ते उत्तर मान्यही करता येईल. परंतु विचारलेला प्रश्न तो नव्हता, असे कांट म्हणतो. तर्कदृष्ट्या त्याचे म्हणणे बिनतोड आहे. घळीचे सौंदर्य म्हाताऱ्याच्या नातसुनेमुळे तसूभरही कमी होत नाही. पण कांटचा दृष्टान्त जेथे थांबतो तेथेच आपली अडचण सुरू होते. राजवाड्याविषयी घाम गाळणाऱ्याची तक्रार आपण बाजूस ठेवली तरी, राजवाडा तसाच राहावा म्हणून आणखी घाम गाळा, असे आपण त्याला सांगत नाही. 'ही वाट अशीच राहावी' या वाक्यात मात्र नेमके हेच सांगितलेले असते. ते वाक्य सौंदर्याच्या निर्णयासारखे दिसते. वस्तुतः ती एक मागणी आहे, आणि तिची किंमत दुसऱ्याने द्यावयाची आहे.

आपल्या साहित्यशास्त्रातही हीच सीमा वेगळ्या मार्गाने दिसते. भट्टनायकाने साधारणीकरणाचा सिद्धान्त मांडला व अभिनवगुप्ताने त्याची चिकित्सा करून तो आपल्या पद्धतीने पुढे नेला. रंगभूमीवरील शोक हा अमक्या व्यक्तीचा म्हणून राहत नाही, म्हणूनच प्रेक्षकास त्याचा आस्वाद घेता येतो, हे त्याचे मर्म. प्रेक्षकाला नाट्यगृहात बसून राहण्याची मुभा आहे, कारण त्याच्या उठून जाण्याने नायकाचे दुःख हलके होणार नसते. डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन संध्याकाळच्या उजेडात नाळ चढणारी बाई छायाचित्रात फार शोभते, हे खरे. परंतु तिचे ओझे कोणाही व्यक्तीचे नसलेले, सर्वसाधारण ओझे नव्हे. ते तिचे आहे. दरीला नाट्यगृह समजणे, एवढाच येथे दोष आहे; दरी पाहून आनंद होणे हा दोष नाही.

या बाबतीत वर्डस्वर्थचे उदाहरण फार बोलके आहे व आमच्या पिढीच्या इंग्रजी शिकलेल्या लोकांस काहीसे अडचणीचेही आहे. इंग्लंडच्या सरोवरप्रदेशाविषयी लिहिलेल्या आपल्या मार्गदर्शक पुस्तकात, ज्याला पाहण्याचे डोळे व आनंद घेण्याचे हृदय आहे अशा प्रत्येकाचा या प्रदेशावर जणू राष्ट्रीय मालमत्तेसारखा हक्क आहे, अशा आशयाचा विचार त्याने मांडला. आणि त्याच वर्डस्वर्थने १८४४ साली केंडलहून विंडरमीरकडे आगगाडी आणण्याचा बेत निघाला तेव्हा वृत्तपत्रातून तिला कडाडून विरोध केला. कारखान्यातील कामकरी व छोटे दुकानदार यांना झुंडीने तेथे आणून त्यांचे कल्याण व्हावयाचे नाही, निसर्गाची अभिरुची हळूहळू घडवावी लागते, असे त्याचे म्हणणे होते. आगगाडी १८४७ साली विंडरमीरला पोहोचलीच. डोळे व हृदय यांच्या बळावर हक्क सांगितला की, कोणाचे डोळे व कोणाचे हृदय हे ठरविण्याचे कामही हळूच आपल्याकडे घेतले जाते, ते असे. वर्डस्वर्थपेक्षा लहान माणसांकडून याहून चांगल्या वर्तनाची अपेक्षा कशी करावी?

त्या कामकऱ्यांच्या वंशजांनी पुढे आपल्यापुरते उत्तर दिले. १९३२ साली २४ एप्रिल रोजी मँचेस्टर व आसपासच्या शहरांतील काहीशे तरुण किंडर स्काउट नावाच्या माळावर, तो शिकारीसाठी राखून ठेवलेला असताना, उघडपणे चढून गेले. पाच जणांना तुरुंगवास झाला. १९४९ साली राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा झाला आणि २००० सालच्या कायद्याने अशा मोकळ्या माळांवर चालण्याचा हक्क मान्य झाला. ही हकीकत आमच्याकडील भटक्यांना फार प्रिय आहे, व ती आहेच तशी. पण ती येथे लागू करताना एक भेद विसरला जातो. किंडरच्या माळावर पायदळवाल्यांच्या समोर होते ते जमीनदार व त्यांचे राखणदार; आमच्या खोऱ्यांत समोर आहे तो भात व नाचणी पिकविणारा, बाळहिरडा वेचून विकणारा गरीब मनुष्य. जमीनदाराकडून चालण्याचा हक्क हिसकावून घेणे ही एक गोष्ट आहे. रहिवाशाने कसे राहावे हे ठरविणे ही अगदी दुसरी.

आणि खरे म्हणजे आमच्या या चालण्यास हक्क हे नाव तरी देता येते काय? १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने वहिवाटीच्या वाटेस मान्यता दिली आहे. वीस वर्षे शांतपणे, उघडपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून जी वाट वापरली ती वापरणाऱ्याची होते. चालणे हाच तेथे दस्तऐवज. मला या तरतुदीत नेहमीच एक प्रकारचे काव्य दिसत आले आहे. पण त्यातील 'हक्क म्हणून' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दुसऱ्याच्या परवानगीने केलेला वापर शंभर वर्षे चालला तरी त्यातून हक्क निपजत नाही. आम्ही गावाच्या पाण्यावर तहान भागवितो, कोणाच्या ओसरीवर रात्र काढतो, वाट चुकलो तर गुराख्याला हाक मारतो. हे सारे आतिथ्य आहे. पाहुण्याने यजमानाच्या घराची स्तुती जरूर करावी. भिंत कोठे पाडू नये हे त्याने सांगणे शोभत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग रस्ता ही केवळ चांगलीच गोष्ट ठरली. तसे मुळीच नाही. जुन्नरहून कोकणात उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचा लेख कोरलेला आहे, जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे. दोन हजार वर्षे ती वाट नांदती होती. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ साली तेथूनच आगगाडी वर आली, आणि अशा जुन्या घाटवाटांचे महत्त्व उतरत गेले. माल स्वस्त झाला, प्रवास सुखाचा झाला. पण बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहणाऱ्या लमाणांचा पिढीजात धंदा आगगाडीने बुडविला, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे. तेव्हा रस्त्याने गरिबाचे नुकसान होतच नाही असे म्हणता येत नाही. आणखी एक गोष्ट. रस्ता गावाच्या नावाने मागितला जातो, पण पुष्कळदा तो गावासाठी केलेला नसतो. तो खोऱ्याच्या तोंडाशी विकत घेतलेल्या जमिनींपर्यंत जातो, बंगल्यांच्या फाटकाशी थांबतो, आणि झोळी वाहणारे पुढचे दोन कोस पूर्वीप्रमाणेच चालत राहतात.

मग अशा वेळी सौंदर्यदृष्टी काही उपयोगी पडते काय? माझ्या मते फारशी नाही, आणि याचा पुरावा मुळशीस आहे. मुळा नदीच्या खोऱ्यात टाटा कंपनीचे धरण होऊ लागले तेव्हा १९२१ ते १९२४ पर्यंत मावळ्यांनी सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली सत्याग्रह केला. धरण झाले, गावे, शेते, देवळे पाण्याखाली गेली, ते पाणी आज कोकणाच्या अंगास भिरा येथे उतरून वीज देते. आज तेथून जाणारा मनुष्य गाडी थांबवतो व त्या विस्तीर्ण जलाशयाकडे पाहून धन्य होतो. जलाशय खरोखरच सुंदर आहे. बुडालेले खोरे याहून सुंदर होते की नव्हते, हे डोळा सांगू शकत नाही. ते बुडाले आहे एवढेसुद्धा डोळ्याला कळत नाही. ज्या साक्षीदाराला अन्याय झाल्याचाच पत्ता लागत नाही, त्याला न्यायाधीश करून कसे चालेल?

पण रहिवासी हा निव्वळ उपयोगवादी आहे आणि सौंदर्याची किंवा पावित्र्याची चाड शहरातूनच येते, ही समजूत मात्र मी सर्वांत चुकीची मानतो. ओढ्याच्या उगमाशी, खोऱ्याच्या टोकाला, जेथे झाडी अगदी मिट्ट असते, तेथे पुष्कळदा शिरकाईचे, काळकाईचे किंवा वाघजाईचे ठाणे असते. ती देवराई. तेथील वाळलेली काटकीसुद्धा घरी नेत नाहीत. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील अशा राया हिंडून पाहिल्या व त्यांचे महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणून दिले. पण राखल्या होत्या त्या गावांनीच, आणि कोणाच्याही सांगण्यावाचून. त्या भयापोटी राखल्या, प्रेमापोटी नव्हे, असा आक्षेप मी ऐकला आहे. असेल. आमचे रानावरील प्रेम पावसाळी रविवारच्या सायंकाळी धबधब्याखाली प्लास्टिकच्या रूपाने साचलेले दिसते. त्या मानाने भय बरे.

वर ज्या खोऱ्याचा उल्लेख केला तेथे दोन वर्षांनी मी पुन्हा गेलो, तेव्हा गावात रस्त्याची बोलणी चालू होती. २००६ च्या वनहक्क कायद्यात अशी सोय आहे की, रस्ता, शाळा, दवाखाना अशा कामांसाठी एक हेक्टरच्या आत वनजमीन, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे न तोडता, ग्रामसभेच्या शिफारशीने वळती करता येते. तिथल्या शिकलेल्या दोन पोरांना ते पाठ होते. अर्ज मात्र 'चांगल्या मराठीत' हवा होता, आणि ते काम त्यांनी माझ्याकडे दिले. देवळापुढच्या ओट्यावर बसून मी लिहीत होतो व सभोवार मंडळी सांगत होती. रस्ता कोठून न्यावा यावर बराच वेळ घासाघीस झाली. सरळ नेला तर अंतर कमी होत होते, परंतु मध्ये राई येत होती. कोणी मला मत विचारले नाही व मीही ते दिले नाही. शेवटी त्या म्हाताऱ्यानेच ओढ्याच्या पलीकडून वळसा घालून नेण्याचे सुचविले. चढ वाढेल, पण गाडीला चढाचे काय, असे तो म्हणाला. बायकांपैकी एकीने विचारले की, राईपासून किती हात लांब, हे कागदावर लिहिले आहे का. लिहिले नव्हते, ते लिहिले. मग सर्वांनी सह्या व अंगठे केले. माझी सही त्यावर नाही. मी गावचा रहिवासी नसल्यामुळे ती चालली नसती.